घरपट्टीचं सॉफ्टवेअर आणि दारावरची क्यूआर पाटी, दीड वर्ष वापरून सांगते (५ पैकी ३)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही, विचारू पण नका. तालुक्यात फिरणाऱ्या अशा चार-पाच कंपन्या आहेत आणि सगळ्यांचं सॉफ्टवेअर साधारण एकाच साच्यातलं, त्यामुळं तुमच्या ग्रामपंचायतीत जी आली असेल तिलाही यातलं बरंच लागू होईल. मी डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत सदस्य झाले, आमची ९ जणांची बॉडी आणि सरपंच थेट जनतेतून. त्याआधी १० वर्षं बचत गटाची हिशोबाची वही लिहायचे, त्यामुळं आकडे दिसले की मला राहवत नाही, एवढीच माझी पात्रता.

तर वस्तू काय आहे ते. कंपनी गावातल्या सगळ्या मिळकतींचा सर्व्हे करून देते, आमच्या ६१२ निघाल्या, प्रत्येक दारावर नंबर आणि क्यूआर असलेली पाटी लावते, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकून देते ज्यात नमुना ८ म्हणजे आकारणी, नमुना ९ म्हणजे मागणी आणि नमुना १० म्हणजे पावती सगळं निघतं. घरमालकाने पाटी स्कॅन केली की बाकी दिसते आणि तिथूनच भरता येते. पाटीचे ७५ रुपये दर मिळकतीमागे आणि सॉफ्टवेअरचे वर्षाला १८ हजार अधिक जीएसटी. म्हणजे पहिल्या वर्षी ६० हजाराच्या वर गेले, आणि ते गेले स्वनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून.

आता स्वनिधी म्हटल्यावर बाहेरच्यांना वाटतं ग्रामपंचायतीकडं लाखो रुपये येतात त्यात ६० हजाराचं काय. इथंच सगळी गोम आहे म्हणून जरा लांबण लावते. पैसे येतात हे खरंय. १४ व्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला, तेव्हा गावोगाव आमचं गाव आमचा विकास म्हणून आराखडे झाले. १५ व्या आयोगात तो परत वाटला गेला, आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० जिल्हा परिषद. आणि त्याच आयोगात २०२१ ते २०२६ साठी आमच्या वाट्यातलेसुद्धा ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मे पाण्यावर आणि निम्मे स्वच्छतेवरच घालायचे, राहिले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि ऑफिसचा खर्च करायचा नाही. जे करायचं ते आधी आराखड्यात पाहिजे, आराखडा ऑनलाइन पाहिजे, पेमेंट सरपंच आणि भाऊसाहेब दोघांच्या डिजिटल सहीने. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, त्यांचं पद २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात त्यांना भाऊसाहेबच म्हणतात.) शिवाय २०२१ ला पत्र आलं की गावातल्या लाइटच्या खांबांची बिलंपण याच आयोगाच्या पैशातून भरा. राज्यभर सरपंचांनी आरडाओरडा केला तेव्हा.

म्हणजे पैसा आपल्या नावावर पण कशावर घालायचा ते बरंचसं आधीच ठरलेलं. लग्नात सासरकडून साडी आली पण कुठल्या कार्यक्रमाला नेसायची तेपण त्यांनीच सांगितलं, तसं. खरा मोकळा हात म्हणाल तर घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची वसुली, गाळ्याचं भाडं एवढ्यातच. आणि तिथं आपली बोंब. रिझर्व्ह बँकेचा जानेवारी २०२४ चा पंचायतींच्या पैशांवरचा रिपोर्ट आहे, त्यात देशभरातला हिशोब असा की २०२२-२३ ला एका पंचायतीची स्वतःच्या करातून सरासरी कमाई साधारण २१ हजार, आणि केंद्राकडून येणारं अनुदान साधारण १७ लाख. आमची त्यापेक्षा बरी, घरपट्टी-पाणीपट्टी मिळून चालू मागणी साडेपाच लाखाच्या आसपास आहे, पण २०२३-२४ ला वसुली होती ३८ टक्के. त्यातूनही स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे, आणि ते काढायलाच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यानंतर शिपाई, लाइटबिल, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, झेरॉक्स यात उरतं किती ते तुम्हीच बघा. आणि त्या उरलेल्यातून हे ६० हजार.

खरेदी कशी झाली ते ऐका. जुलै २०२४ ची मासिक सभा, विषयपत्रिकेवर अकरावा विषय, ऐनवेळचे विषय याच्या आधीचा. कंपनीचा पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेला, गळ्यात पट्टा, बोलायला अगदी गोड. आमच्यापुढं ठराव आला तो टाइप केलेलाच. गावाचं नाव, सूचक आणि अनुमोदक एवढ्याच तीन जागा रिकाम्या. मी विचारलं, दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर घेतलेत का. सगळे गप्प. मग भाऊसाहेब हळूच म्हणाले, ताई वरून सांगितलंय, सगळ्या गावांनी घेतलंय, आपणच राहिलोय. वरून म्हणजे कुठून, पत्र आहे का, तर पत्र नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे. एक सदस्य अण्णा म्हणाले जाऊ दे पोरी, चहा गार होतोय. ठराव मंजूर. माझा विरोध नोंदवा म्हटलं तर प्रोसिडिंगमध्ये शेवटी एक ओळ आली की "चर्चा झाली".

यात कंपनीची चूक किती आणि आमची किती हे मला अजून ठरवता येत नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कायद्याने कर लावायचा अधिकार आमचा (कलम १२४), ग्रामनिधी आमचा (कलम ५७), सह्या आमच्या. आम्ही नाही म्हटलं असतं तर कोणी फासावर दिलं नसतं. पण वरून सांगितलंय या दोन शब्दांत सगळी बॉडी खाली बघायला लागते हे मी डोळ्यानी बघितलं.

असो, वस्तूकडं येते.

सर्व्हे: ५ पैकी २. दोन पोरं टेप घेऊन आली, चार दिवसात ६१२ मिळकती उरकल्या, आता तुम्हीच हिशोब करा एका घराला किती मिनिटं दिली असतील. आपल्याकडं २०१५ च्या दुरुस्तीपासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे बांधकाम कसलं, किती जुनं, वापर राहण्याचा का धंद्याचा यावर पैसे ठरतात. आणि नेमका तोच रकाना यांनी अंदाजपंचे भरला. माझ्या चुलत जावेचा गोठा दुकान म्हणून लागला कारण त्याला शटर आहे. शटर का तर बिबट्याच्या भीतीने बसवलेलं! मातीच्या भिंतीचं घर पुढून प्लास्टर केलेलं म्हणून आरसीसी. उलट चौकातला दोन मजली गाळा नुसता घर म्हणून. मसुदा नोटीस बोर्डावर लागला तेव्हा ७० च्या वर हरकती आल्या आणि त्या ऐकत बसलो आम्ही, कंपनीचं कोणी नाही. पण एक सांगते, त्या हरकतींच्या निमित्तानं लोकांनी पहिल्यांदा आपला नमुना ८ चा उतारा नीट वाचला. त्याआधी कर्जाला लागतो म्हणून काढायचे आणि न वाचता बँकेत द्यायचे.

पाट्या: ५ पैकी २. दिसायला छान, पण डबल टेपने चिकटवलेल्या. पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्या खाली आल्या. आमच्या गल्लीत एकीची पाटी शेळीने चाटून चाटून अशी केली की स्कॅनच होईना. आणि दिवाळीला लोकांनी घरं रंगवली ती पाटीसकट, आता निळ्या रंगाच्या खालून चौकोन तेवढा दिसतो. खिळे मारून द्या म्हटलं तर म्हणाले खिळ्याचा खर्च कोटेशनमध्ये नव्हता. शिपायानेच मारले शेवटी.

सॉफ्टवेअर: इथं खरं दुखणं आहे आणि खरा फायदापण इथंच आहे. आधी दुखणं. नियम साधा आहे, सप्टेंबरअखेर भरलं तर ५ टक्के सूट, वर्ष उलटलं तर ५ टक्के दंड. आमच्या वस्तीवरच्या एक आजी, चार वर्षांची बाकी, घरपट्टी वर्षाला ४८०. हाताने हिशोब केला तर ४८० चोक १९२० आणि प्रत्येक वर्षाच्या रकमेवर २४ रुपये दंड, म्हणजे ९६, एकूण २०१६. स्क्रीनवर २१७२. मी म्हटलं माझंच चुकतंय, परत केला, मग वही घेऊन बसले तेव्हा कळलं की यांचं गणित दंडावर दंड लावतंय, सावकारासारखं चक्रवाढ. १५६ रुपयांचा फरक. रक्कम बारकी वाटते पण आजीला रोजगाराचा अर्धा दिवस आहे तो, आणि असं थकबाकीच्या प्रत्येक घराला लागलेलं होतं. हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे ताई ते सेटिंग बॅकएंडला आहे, सगळ्या गावांना एकच आहे, तुमच्या लॉगिनला बदलता येत नाही. मी म्हटलं अहो कर आमचा, दंड आमचा, तो किती लावायचा हे तुमच्या बॅकएंडला कसं काय ठरतं? तर तिकीट रेज करतो म्हणाले. सव्वा महिना लागला दुरुस्त व्हायला, तोपर्यंत आम्ही पावत्या हाताने फाडल्या.

दुसरं दुखणं खात्याचं. ज्यांनी पंचायत जवळून बघितली नाही त्यांना सांगते, पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं असतं आणि ग्रामनिधीचं वेगळं. क्यूआरवरून आलेले पैसे सुरुवातीला सगळे एकाच खात्यात पडायला लागले, तेपण दोन-तीन दिवसांनी एकगठ्ठा, कोणाचे किती ते कळायचं नाही. रोकडवहीचा मेळ बसेना. भाऊसाहेब बिचारे रात्री दहापर्यंत बसून एकेक पावती जुळवायचे आणि मनातल्या मनात मला शिव्या घालत असतील, कारण वेगळं खातं पाहिजे म्हणून मीच मागं लागले होते. ऑडिटला मुद्दा निघाला असता तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं, कंपनीला कोण विचारतंय. दोन खाती वेगळी जोडून मिळाली पण तीन महिन्यांनी.

आता फायदा, आणि तो मोठा आहे म्हणूनच ३ स्टार देतेय नाहीतर एकच दिला असता.

एक तर बाहेरगावची पोरं. आमच्या गावातली निम्मी तरुण पोरं पुण्याला, चाकण-रांजणगावच्या बाजूला. आईबाप म्हणायचे पोरगा आला की भरू, पोरगा यायचा यात्रेला आणि यात्रेत कोण घरपट्टी भरतं. आता बाकीची लिंक मोबाइलवर जाते, पोरगं तिकडून भरतं, पावती आईला व्हॉट्सअ‍ॅपवर. मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातच जेवढे आले तेवढे आधी सगळ्या मार्च महिन्यात यायचे नाहीत. वर्षाची वसुली ७१ टक्क्यांवर गेली.

आणि दुसरं म्हणजे थकबाकीची यादी. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, वॉर्डप्रमाणे आणि रकमेप्रमाणे यादी काढता येते, मोठी बाकी वर. हे डेमोमध्ये त्या पोराने दाखवलंच नव्हतं, मला बटणं दाबता दाबता सापडलं. आजवर गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की बाकी वस्तीवरचे ठेवतात, गरीब लोक कुठून भरणार, म्हणून वसुली होत नाही. यादी काढली तर वरच्या वीस नावांत वस्तीवरचं एकही नाही! चौकातले गाळे, एक मंगल कार्यालय, दोन माजी पदाधिकारी, आणि नवव्या नंबरला कोण तर माझे सासरे, जुन्या वाड्याची सहा वर्षांची बाकी, वाटणीचा वाद आहे म्हणून तीन भावांपैकी कोणीच भरत नव्हतं. मी घरी जाऊन सांगितलं मामंजी, यादी ग्रामसभेत वाचायची आहे, आता काय करायचं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोसायटीतून पैसे काढून आणले आणि म्हणाले पावती माझ्या एकट्याच्या नावावर फाड. (पावती मिळकतीच्या नावाने निघते हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत यादी वाचली, नुसती नावं नाही तर मागणी किती, वसुली किती, कशावर खर्च झाली असं सगळं. गोंधळ झाला, मंगल कार्यालयवाले उठून गेले, पण फेब्रुवारीत भरून पण गेले. पाटोद्याला सरपंच असताना भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला दळण मोफत केलं ते सगळ्यांना माहितीये, तसं आपल्याकडं करा म्हणून एक जण उठला. करता येईल, पण गिरणी घ्यायला आधी वसुली पाहिजे, असं सरपंच ताई म्हणाल्या आणि सगळे हसले. ताई आता स्वतः बोलतात हे पण लिहायला पाहिजे. पहिलं वर्ष त्यांचा डिजिटल सहीचा डोंगल त्यांच्या मिस्टरांच्या खिशात असायचा, आता त्यांच्या पर्समध्ये असतो.

आणि मोटारीचं सांगते, कारण माझ्या हिशोबाने ६० हजार तिथं वसूल झाले. एप्रिल २०२५, विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार जळाली. आयोगाच्या बंधित पैशात पाण्यासाठी रक्कम होती, नाही असं नाही, पण त्या वर्षीच्या आराखड्यात पाइपलाइनचं काम घातलेलं, मोटार नाही. आता पूरक आराखडा करा, ग्रामसभा घ्या, ऑनलाइन चढवा, मंजुरी, मग पेमेंट. मागच्या वेळी म्हणजे २०२३ ला हेच झालेलं तेव्हा १९ दिवस टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, मी पण होते त्यात, सदस्य असून. या वेळी पाणीपुरवठ्याच्या खात्यात आपले पैसे होते. दुपारी मोटार जळाली, संध्याकाळी तातडीची सभा, कोटेशन तीन (हो, तीन, मी बसून घेतली), सकाळी मोटार वाइंडिंगला, चौथ्या दिवशी नळाला पाणी. कोणाला फोन नाही, कोणाची वाट बघणं नाही. त्या सभेत अण्णा, तेच चहावाले, म्हणाले की वीस वर्षं सदस्य आहे पण आज पहिल्यांदा आपण काहीतरी ठरवल्यासारखं वाटलं.

तेव्हा घ्यावं का? वसुली ५० टक्क्यांच्या खाली असेल आणि गावातले बरेच लोक बाहेर कामाला असतील तर घ्या. छोटी ग्रामपंचायत असेल, दोनशे-अडीचशे घरं, तर एवढा खर्च करू नका, एक्सेलची शीट आणि बँकेचा साधा फुकटचा क्यूआर ऑफिसच्या भिंतीवर लावा, बास होतं. घेताना तीन गोष्टी ठरावातच लिहून घ्या. सगळा डेटा दर तीन महिन्याला आपल्याला एक्सेलमध्ये मिळाला पाहिजे, कारण कंपनी उद्या पळाली तर गावाचा नमुना ८ तिच्या सर्व्हरवर राहायला नको. सूट आणि दंडाचा दर आपल्या लॉगिनला दिसला पाहिजे. आणि पाणी आणि घरपट्टीची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी. पाट्या त्यांच्याकडून घेऊच नका, तालुक्यात फ्लेक्सवाला निम्म्या पैशात करून देतो, खिळ्यासकट.

सपोर्टबद्दल शेवटचं. फोन उचलतात, गोड बोलतात, काम महिन्याने होतं. एकदा तर मला म्हणाले मॅडम तुम्ही सदस्य आहात ना, मग हे तुम्ही का बघताय, ऑपरेटरला बघू द्या.

यंदा रिन्युअलचा विषय परत मासिक सभेत आला. ठराव परत टाइप केलेलाच, तीन जागा रिकाम्या. या वेळी सरपंच ताईंनी पेन काढलं आणि दराच्या जागेवर १८ हजार खोडून १२ लिहिलं, खाली मागच्या बाजूला डेटाची अट हाताने लिहिली, सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक अण्णा. कंपनीवाला म्हणाला असं चालत नाही, वर विचारावं लागेल. ताई म्हणाल्या विचारा की, आम्ही थांबतो. चौदाव्या दिवशी फोन आला, चालेल म्हणून. पहिला बॅकअप पेनड्राइव्हवर आलाय, पेनड्राइव्ह दप्तराच्या कपाटात, रजिस्टरला नोंद करून.